चौथ्या खोलीची उत्तरं

१

काशिनाथ तिरोडकर कुठलंही बटन दोनदा दाबायचा. एकदा कामासाठी, एकदा खात्रीसाठी. कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या त्याच्या इमारतीची लिफ्ट, शेजाऱ्याच्या दाराची घंटा, दुकानातला फॅक्स, सगळ्यांना हाच न्याय. "तुम्ही वर गेलात ना, की तिथलीही घंटा दोनदा वाजवाल," त्याची बायको कुसुम म्हणायची. "चित्रगुप्त मान वर न करताच सांगेल, तिरोडकर आले."

वेंगुर्ल्याकडच्या एका खेड्यातून एकोणऐंशी साली तो कुवेतला आला, तो एसी मेकॅनिकचा मदतनीस म्हणून. शाळा दहावीला सुटलेली. बाकीचं शिक्षण झालं ते दुसऱ्यांची बिघडलेली यंत्रं उघडून. दहा वर्षांत अर्दियाच्या गोदामांच्या गल्लीत त्याचं स्वतःचं दुकान झालं. कोल्ड स्टोअरच्या खोल्यांचे पंखे, दारं आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा कॉम्प्युटर बसवून द्यायचा धंदा.

त्या कॉम्प्युटरची गोष्ट तो नव्या गिऱ्हाइकाला चहा पाजून सांगायचा. उणे अठरा अंशांच्या खोलीत माणूस अडकला तर त्याला फार वेळ नसतो. आतून उघडायची मूठ असते, पण ती बर्फाने आखडते. म्हणून दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला, दारांचे खटके पडायच्या आधी, कॉम्प्युटर प्रत्येक खोलीत घंटा वाजवतो. विचारतो, आत कोणी आहे का? नव्वद सेकंद थांबतो. आत जो असेल त्याने भिंतीवरच्या डबीतलं हिरवं बटन दाबायचं. दाबलं तर खटका पडत नाही. नाही दाबलं तर पडतो, आणि मगच थंडीचे पंखे सुरू होतात.

"माझ्या खोलीत आजवर एक माणूस अडकलेला नाही," हे वाक्य चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर यायचं. त्याचं बाजारातलं नाव त्या एका वाक्यावर उभं होतं.

२

हा प्रोग्राम शहाण्णव साली नूरुद्दीन नावाच्या हैदराबादच्या माणसाने सी भाषेत लिहिला होता. पुढे तो कुवेत सोडून गेला. या आठ वर्षांत ज्याने त्याने त्यात ठिगळं लावली. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात काशिनाथने ठरवलं की हे एकदा धुऊन काढायचं. त्याच्याच इमारतीत राहणारा जुना मित्र विश्वास मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत होता. विश्वासची मुलगी रसिका पुण्याला इंजिनिअरिंग करून परतली होती. ती कामाला लागली.

"काका, अकरा हजार ओळी एकाच फाइलमध्ये आहेत," ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. "आणि सगळं असिंक्रोनस. कोण कोणाला कधी बोलावतंय, काही कळत नाही. इट्स अ मेस."

"असिंक्रोनस म्हणजे?"

"म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघत उभं राहायचं नाही. दुसरी कामं करायची. उत्तर आलं की ते आपल्याला हाक मारतं. कॉलबॅक."

काशिनाथ हसला. "हे आम्हाला नवीन नाही, बाय. वेंगुर्ल्याच्या पोस्टात आम्ही मुंबईचा ट्रंक कॉल लावायचो. नंबर लिहून द्यायचा आणि बाजारात फिरून यायचं. कॉल लागला की पोस्टमास्तर गल्लीत ओरडायचा. एकदा त्याने मला ओरडून बोलावलं, मी धावत गेलो, फोन घेतला, तर पलीकडे भलतीच बाई रडत होती. तिला वाटलं मी तिचा भाऊ. पाच मिनिटं धीर दिला मी तिला. काय करणार?"

"एक्झॅक्टली," रसिका म्हणाली. "उत्तर आलं, पण कोणत्या प्रश्नाचं, हे तपासलंच नाही. या कोडमध्येही कोणी तपासत नाही. प्रत्येक प्रश्नाला नंबर आहे, डबी उत्तराबरोबर तो नंबर परत पाठवते, पण इकडे तो कोणी वाचतच नाही. उत्तर केव्हाही येवो, पुढच्या प्रश्नाचं म्हणून धरलं जातं."

मग तिने एक ओळ दाखवली. खोली चार असेल तर परत फिर. एवढंच. अबू तलाल या त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या गोदामातल्या चार नंबरच्या खोलीतून कोणतंही उत्तर आलं तरी ते फेकून द्यायचं. का, ते लिहिलेलं नव्हतं.

काशिनाथने वाकून ती ओळ परत वाचली. म्हणजे इतकी वर्षं त्या खोलीत कोणी अडकून बटन दाबत राहिला असता, तर कॉम्प्युटरने ऐकलंच नसतं. आणि तो लोकांना चहा पाजत होता.

"काढ ती ओळ," तो म्हणाला. "ज्याचं कारण सांगता येत नाही ते सगळं काढ."

३

नवा प्रोग्राम चढवला त्याच दिवशी चार नंबरचा खटका पडला नाही. आत कोणीतरी आहे, असं पडद्यावर येत होतं. आत कोणी नव्हतं.

अबू तलालचा मुकादम होता राजन, कुडाळचा, पन्नाशीचा, काशिनाथशी मालवणीत बोलणारा. तो बॅटरी घेऊन खोलीभर फिरून आला. मासळीचे खोके, दाराचे प्लॅस्टिकचे पडदे, छताला लटकलेला बर्फ. "भाऊ, थंय कोण नाय," तो मिशीवरचं दव पुसत म्हणाला.

डबीत पाणी गेलं असेल. काशिनाथने डबी बदलली. वायरी कुरतडल्या असतील. वायरी बदलल्या. चार दिवस चार नंबरची खोली अर्धवट गार राहिली आणि दोन पॅलेट मासळी वाया गेली. अबू तलाल फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने तीन बोटं दाखवली. त्याची तीन गोदामं होती, तिन्ही काशिनाथकडे होती. "मंगळवार वीस तारीख, एक वाजता मी स्वतः येतो," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "दरवाजा बंद, तो तुम अच्छा. दरवाजा नहीं बंद, सब निकालो. खलास."

दाराबाहेर काशिनाथने स्वतःच्या हाताने केलेली एक फळी होती. सात कामगार, सात खुंट्या, प्रत्येक खुंटीवर नंबर ठोकलेला पितळी बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला खिशात टाकायचा, बाहेर आलं की खुंटीला लावायचा. रिकामी खुंटी दिसली की माणूस आत. काशिनाथचा नियम होता, माणसाला विचारू नका, बिल्ला बघा. माणूस घाईत हो म्हणतो.

त्या दिवशी राजनच्या खुंटीवर त्याला दोन बिल्ले दिसले.

"जुनो हरवललो ना, तो जॅकेटाच्या अस्तरात गावलो," राजन म्हणाला. "तुमी नवो करून दिलात, आता जुनो टाकूचो कित्याक?"

"एक मला परत दे."

"देतंय ओ. उद्या देतंय. बिल्ल्याक काय पाय फुटणत नाय."

दोघं हसले. मग अबू तलालची गाडी परत वळून आली, आणि ते राहून गेलं.

४

रसिकाने पुढची दुरुस्ती केली. उत्तर आलं की आधी त्याचा नंबर वाचायचा. चालू प्रश्नाचा असेल तरच ऐकायचं, नसेल तर नुसती नोंद करून सोडून द्यायचं. खटका पडायला लागला. काशिनाथने दुकानात सगळ्यांना बालुशाही वाटली.

दोन दिवसांनी रसिका नोंदींचे कागद घेऊन आली. तिने बालुशाहीला हात लावला नव्हता.

"काका, चार नंबरची उत्तरं थांबलेली नाहीत. आपण ती सोडून देतोय, एवढंच. पण त्यांचे नंबर बघा. रँडम नाहीत."

नंबर ओळीने होते. प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तराच्या पुढच्या प्रश्नाला. प्रश्न दहा दिवसांपूर्वीचे. दिवसातून तीन उत्तरं, कधी सकाळी दहाला, कधी तीनला, पण रोज तीन. शुक्रवारी सुट्टी.

"डबीत काहीतरी साठून राहत असेल," काशिनाथ म्हणाला. "जुनं जुनं बाहेर पडतंय."

"डबीला एकच नंबर लक्षात राहतो, शेवटचा. आणि तुम्ही नवी डबी लावलीत ना? तिला हे जुने प्रश्न कोणी विचारलेच नव्हते."

काशिनाथने मनात हिशेब मांडला. रोज दोन प्रश्न विचारले जातात. रोज तीन उत्तरं येतात. म्हणजे जो कोणी उत्तरं देतोय तो मागे पडलेला आहे, आणि रोज एका पावलाने पुढे येतोय.

"आज किती अंतर आहे?"

"एकोणीस."

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शुक्रवार सोडून एकोणीस दिवस मोजले. बोट वीस तारखेवर थांबलं. मंगळवार.

"अजून एक," रसिका म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "प्रत्येक उत्तर दोनदा येतं. एकदा, आणि अर्ध्या सेकंदाने परत. मला वाटलं बटन सैल आहे. पण प्रत्येक वेळी, काका. जसं कोणीतरी..."

तिची नजर काशिनाथच्या अंगठ्यावर गेली. तीही सकाळी त्याच्याबरोबर त्याच लिफ्टने खाली आली होती.

५

नूरुद्दीनचा हैदराबादचा नंबर मिळायला तीन दिवस लागले. आवाज म्हातारा झाला होता, पण काशिनाथची हाक त्याने ओळखली.

"काशीभाई, वो लाइन निकाल दी क्या आपने?"

"निकाल दी. तू लिहिलीस तेव्हा मला सांगितलं का नाहीस?"

"क्या बोलता? निन्यानवे का जनवरी था. सवाल सोलह सौ के ऊपर चल रहे थे, और उधर से जवाब आया एक का. फिर दो का. फिर तीन का. मैंने हफ्ताभर देखा. फिर वो लाइन लिख दी और घर जाके नमाज़ पढ़ी."

"तिथे कोणी मेलं होतं का? आधी?"

"मैंने भी यही पूछा था सबको. कोई नहीं मरा, भाई. उस कमरे में कभी कोई नहीं मरा."

काशिनाथने त्याला अबू तलालची मंगळवारची मुदत सांगितली.

"वो लाइन वापस डाल दो," नूरुद्दीन म्हणाला. "मंगलवार निकल जाएगा. सेठ भी खुश."

६

काशिनाथला झोप कमी लागायला लागली, पण डोकं चालू होतं. त्याने व्यापाऱ्यासारखा विचार केला. ओळ परत घातली तर मंगळवारी चार नंबरमधून काहीही आलं तरी खटका पडेल, अबू तलाल खूश होऊन जाईल आणि तीन गोदामं राहतील. नाही घातली आणि त्या दिवशी चालू प्रश्नाला उत्तर आलं, तर कॉम्प्युटर ते खरं मानेल. दार बंद होणार नाही. खलास.

आणि एक गोष्ट तो कोणाला सांगत नव्हता. एक्याण्णव साली, आखाती युद्ध शांत झाल्यावर तो कुवेतला परतला तेव्हा अर्दियाच्या दुकानात दाराच्या फटीतून पडलेली पत्रं गुडघ्याएवढी साचली होती. माझा पंखा बंद आहे, माझं दार बसत नाही, कोणी येतं का. बहुतेक लोक देश सोडून गेलेले. सगळे म्हणाले, पेटवून दे. त्याने सगळ्यांना उत्तरं लिहिली. रोज दोन नवी पत्रं येत, तो रोज तीन लिहायचा. पत्रं आजची असोत की जुनी, अनुक्रम मोडायचा नाही, सगळ्यात जुन्यापासून सुरुवात. शुक्रवारी सुट्टी. असं करत करत तो एक दिवस चालू तारखेला येऊन पोचला होता. ही पद्धत त्याला कोणी शिकवली नव्हती. त्याने ती दुसऱ्या कोणाकडे कधी बघितलीही नव्हती.

आणि आता एक जण तसंच करत होता. तीच पद्धत, तोच सुट्टीचा वार, आणि दोनदा.

"घालू का ती ओळ?" रसिकाने सोमवारी विचारलं. "फक्त उद्यापुरती. परवा काढू."

काशिनाथने पेल्यातला चमचा बाहेर काढून ठेवला.

"नको," तो म्हणाला. "विचारतो तर ऐकायला पाहिजे. नाहीतर विचारायचं कशाला? तिन्ही गोदामं गेली तर जाऊ देत. पण मी उद्या त्या खोलीत पाय ठेवणार नाही, एवढं सांगतो."

रसिकाने मान हलवली.

७

मंगळवारी बाहेर अठ्ठेचाळीस अंश होते. अबू तलाल पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात येऊन खुर्चीवर बसला. रसिका पडद्यासमोर. सकाळी अकराला चार नंबरमधून उत्तर आलं होतं, चार हजार नऊशे शहाऐंशीचं. म्हणजे कालच्या संध्याकाळचं. साचलेलं सगळं संपलं होतं. आता एक वाजता जो विचारला जाईल तो चार हजार नऊशे सत्याऐंशी, आणि त्याचं उत्तर ताजं असणार होतं.

काशिनाथ फळीसमोर उभा राहिला. सात खुंट्या, सातांवर पितळ. जेवणाची वेळ, माणसं हात धुवायला मागे गेलेली. त्याने बिल्ले दोनदा मोजले.

एक वाजला. जाड दारामागे घंटा ऐकू आली, पाण्याखालून आल्यासारखी. त्याने अंगठा मुठीत धरून हात खिशात घातला.

तीस सेकंद. साठ. रसिका पुटपुटली, "काही नाही." ऐंशी. नव्वद.

उत्तर आलं नाही.

खटका पडला. भिंत थरथरली आणि पंखे सुरू झाले. "तमाम," अबू तलाल म्हणाला, म्हणजे सगळं ठीक, आणि उठला. रसिकाने सोडलेला श्वास काशिनाथला ऐकू आला. झालं. तिन्ही गोदामं राहिली.

पण काशिनाथ फळीसमोरच उभा राहिला. साडेपाच वर्षं आतून उत्तरं देणाऱ्याने एकही प्रश्न सोडला नव्हता. गुडघाभर साचलेलं निपटणारा माणूस ताजं पत्र टेबलावर सोडून उठत नाही. कुठे गेला तो? काशिनाथला एकच उत्तर सुचलं आणि ते त्याच्या खिशात होतं, मुठीत दाबलेलं. तो आज आत नव्हता, कारण तो बाहेर उभा होता.

मग त्याची नजर परत फळीवर गेली. राजनच्या खुंटीवर एक बिल्ला होता. एकच.

"रसिका, मेन बंद कर," तो म्हणाला आणि हाताने खटका उचलून आत शिरला.

पंख्यांच्या वाऱ्यात पडदे फडफडत होते. राजन शेवटच्या ओळीत होता. सेठ येणार म्हणून तिरके खोके सरळ करायला गेला होता, ते पायावर कोसळले होते. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. डबी त्याच्यापासून चार हातांवर, छातीच्या उंचीला. काशिनाथने खोके ओढून काढले. तेवढ्यात मागे दार आपल्या वजनाने सरकत येऊन बसलं, आणि मेन बंद व्हायच्या आतल्या त्या एका क्षणात कॉम्प्युटरने, दार बसलं म्हणून, तोच प्रश्न परत विचारला. घंटा डोक्यावरच वाजली. हिरवा दिवा लुकलुकला.

डबीवर बोटभर बर्फ चढला होता. फक्त बटन मोकळं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने स्वतः लावलेली नवी डबी, पण बटनाचं प्लॅस्टिक झिजून मधोमध खळगा पडला होता, देवळाच्या पायरीला पडतो तसा. जरासा तिरका, डाव्या बाजूला खोल.

त्याने अंगठा ठेवला. तो नेमका बसला.

त्याने दोनदा दाबलं.

८

राजनच्या घोट्याचं हाड मोडलं, बोटं वाचली. इस्पितळात त्याने खिशातून दुसरा बिल्ला काढून काशिनाथच्या तळहातावर ठेवला. "घेवा," तो म्हणाला. "उद्या देतंय म्हणालंय ना." अबू तलालने गोदामं काढली नाहीत. त्याने काशिनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

रसिकाने आठवडाभर नोंदी तपासल्या. "तुमचं उत्तर आलं नाही, काका," ती म्हणाली. "मेन बंद व्हायच्या आत घंटा गेली, प्रश्न गेला. तेवढ्यात उत्तरही यायला हवं होतं."

"मी दाबलं. दोनदा."

"हो. पण इथे नाही आलं."

त्यानंतर चार नंबरमधून काहीही आलं नाही. डबी उतरवून बघितली तर बटन गुळगुळीत, नवं कोरं. नवा प्रोग्राम स्वच्छ चालतो. प्रत्येक प्रश्नाला नंबर आहे, प्रत्येक उत्तर आपल्या प्रश्नाशी जुळतं, ज्याचं कारण सांगता येत नाही अशी एकही ओळ त्यात नाही.

काशिनाथने बटनं दोनदा दाबणं सोडलं. लिफ्टमध्ये तो एकदाच दाबतो आणि हात मागे घेतो. कुसुमने विचारलं, हे काय नवीन. तो म्हणाला, आता खात्री आहे.

फक्त दिवसातून तीनदा, कधी दहाला, कधी तीनला, त्याचा उजवा अंगठा बर्फासारखा गार पडतो. एकदा, आणि अर्ध्या सेकंदाने परत. शुक्रवारी नाही. पहिल्या दिवशी तो दचकला होता. आता चहाचा पेला खाली ठेवतो, होऊ देतो आणि मनात आकडा पुढे सरकवतो. सगळ्यात जुन्यापासून, एकपासून सुरुवात. चार हजार नऊशे सत्याऐंशीपर्यंत पोचायला, रोज तीनच्या हिशेबाने, दोन हजार दहाचा जानेवारी उजाडेल.

कोणीतरी कुठेतरी ती सगळी उत्तरं फेकून देत असेल, हे त्याला माहीत आहे. तरी तो एकही चुकवत नाही.